तेलाच्या गावात शाळेची फी

पंपहाऊस (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवाय. चर्चा भरकटली तरी चालेल, ती भरकटणारच.

सहा वर्षं झाली, मी पोर्ट हारकोर्टला आहे. नायजेरियाच्या दक्षिणेला, नायजर नदीला समुद्राआधी फाटे फुटतात त्या भागात. पंपांच्या देखभालीचं काम. डिसेंबरात करार संपतोय आणि पुढे वाढेल असं दिसत नाही.

आमच्या कंपाउंडमधल्या चार फ्लॅटांची झाडलोट एक बाई करतात. इथे आईला थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारतात, म्हणून त्या 'मामा फेवर'. (नाव बदललंय. आणि मामा म्हणजे आई; पहिले सहा महिने मला हाक ऐकली की हसू यायचं.) फेवर जेएसएस टूमध्ये आहे, म्हणजे आपली आठवी. धाकटे दोन भाऊ.

गेल्या मंगळवारी सकाळी अकराला ती आमच्या जिन्यात बसलेली. अंगावर गणवेश, मांडीवर दप्तर. बरं नाही का, विचारलं तर म्हणाली, "दे ड्रोव्ह अस, सर." हाकललं. प्रार्थनेनंतर नावं वाचली आणि फी न भरलेल्यांना फाटकाबाहेर काढलं. घराला कुलूप, म्हणून आईच्या कामावर आली. मोजे काढून, घडी करून दप्तराच्या पुढच्या खिशात ठेवले होते. या शहरात २०१६ पासून काजळी पडते; चोरून कच्चं तेल उकळणाऱ्या भट्ट्यांची आणि जाळल्या जाणाऱ्या वायूची. मामा फेवर सकाळी फरशी पुसतात, दुपारी अनवाणी चाललं की तळवे काळे. पांढरे मोजे दुसऱ्या दिवसासाठी वाचवायचे म्हणून पोरीने जिन्यात काढून ठेवले, एवढं माझ्या डोक्यातून जात नाही.

त्याच आठवड्यात ऑफिसात एका परदेशी संस्थेचं पत्रक आलं. महिन्याला अमुक डॉलर द्या, एका मुलाचे पालक व्हा. वर मोठ्या डोळ्यांचा एक मुलगा.

तर प्रश्न असा: फेवरचं शैक्षणिक पालकत्व मी थेट घ्यावं का? मी इथून गेल्यावर काय? की संस्थेला पैसे देऊन मोकळं व्हावं?

निवांत_नाना

पंपहाऊस, राग मानू नका, पण आपल्या मेळघाटातली पोरं कमी पडली का? नायजेरिया तेलावर तरंगतोय. त्यांच्या पुढाऱ्यांनी खाल्लं ते आपण का भरायचं?

पंपहाऊस

नाना, राग कशाचा. मीही आलो तेव्हा हेच म्हणायचो. एकदा रात्री लाइट गेलेली असताना बसून हिशेब केला, तेव्हापासून 'तेलावर तरंगणारा देश' हे शब्द जरा जपून वापरतो.

देशाचं तेल दिवसाला साधारण १५ लाख पिंपं. लोकसंख्या २२ कोटींच्या आसपास. म्हणजे माणशी वर्षाला अडीच पिंपं. ७० डॉलरचा भाव धरला तर १७५ डॉलर, आपले पंधराएक हजार रुपये. वर्षाचे! त्यातून काढायचा खर्च, कंपन्यांचा वाटा, कर्जाचं व्याज आणि चोरी वजा करा. कुवेतमध्ये हाच आकडा माणशी १८० पिंपांच्या वर जातो. तेव्हा सगळं प्रामाणिकपणे वाटलं असतं तरी इथला प्रत्येक जण शेख झाला नसता. पण शाळेला बाकं आणि गावाला नळ नक्की आला असता.

खाल्लं, हे तर खरंच आहे. सानी अबाचा नावाचा लष्करशहा १९९८ मध्ये मेला, त्याचा पैसा अजून परदेशी बँकांतून परत येतोय. स्वित्झर्लंडने परत केलेले ३२ कोटी डॉलर गरीब कुटुंबांना महिन्याला ५,००० नायरा (इथलं चलन) असे वाटायचे ठरले. मग मे २०२३ मध्ये पेट्रोलचं अनुदान काढलं आणि जूनमध्ये नायराचा भाव बाजारावर सोडला. एका डॉलरला ४६०-४७० होते ते वर्ष उलटायच्या आत दीड हजारावर गेले. पाच हजारांची किंमत आपल्या तीनशे रुपयांच्याही खाली.

आणि तेल कुणाच्या अंगणात निघतं ते पाहा. १९५६ मध्ये पहिली विहीर लागली ती ओलोइबिरीला, आताच्या बायेल्सा राज्यात. २०२२ च्या सरकारी पाहणीत तिथले ८८ टक्क्यांहून जास्त लोक बहुआयामी गरिबीत (नुसतं उत्पन्न नाही, शिक्षण-आरोग्य-राहणीमानही मोजून) मोडले. सबंध देशाचा आकडा ६३ टक्के, मुलांचा ६७.५. बायेल्साच्या वर फक्त वाळवंटाकडचं सोकोतो.

वाळूज_शिफ्ट_बी

अवांतर: तिकडे आमच्या कारखान्याच्या रिक्षा फार चालतात म्हणे. आमच्या लाइनवरून बॉक्सर गाड्या आणि रिक्षा भरभरून आफ्रिकेला जातात. कधी दिसली तर फोटो टाका, बरं वाटेल.

पंपहाऊस

अहो दिसली तर काय, मी रोज त्यातूनच जातो! पिवळी, मागे देवाचं वचन रंगवलेली. तिला इथे 'केके नापेप' म्हणतात. केके म्हणजे सायकल, आणि नापेप हे २००१ मध्ये निघालेल्या राष्ट्रीय दारिद्र्य निर्मूलन कार्यक्रमाचं लघुरूप. बेकारांना रोजगार म्हणून त्यांनी रिक्षा वाटल्या. कार्यक्रम केव्हाच गुंडाळला, नाव रिक्षेला चिकटून राहिलं. दारिद्र्य निर्मूलनात बसून बाजारात जायचं भाडं सध्या भलतंच वाढलंय.

हर्मटन

मी कानोला आठ वर्षं होतो, उत्तरेला. तिकडचं चित्र वेगळं. सकाळी फाटकाबाहेर सात-आठ वर्षांची पोरं येऊन उभी राहायची, हातात प्लास्टिकचा वाडगा. अल्माजिरी. गावाकडून आईबाप कुराण शिकायला मल्लमकडे, म्हणजे गुरुजींकडे, पाठवतात. मल्लमकडे पोरं पन्नास, धान्य दहा जणांचं. उरलेलं पोट पोरांनी दारोदार भरायचं. आमच्या हिने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचे आजोबा आठवले. पुण्यात माधुकरी मागून शिकलेले, ताटलीत वरण आणि ताक एकत्र व्हायचं ते नातवंडांना सांगायचे. अगदी तसंच चित्र. फरक असा की आजोबा पुढे मामलेदार कचेरीत लागले. ही पोरं मोठी होऊन हातगाडी ओढतात.

२०२० च्या एप्रिलमध्ये साथीच्या भीतीने उत्तरेकडच्या राज्यांनी ही पोरं ट्रकात भरून एकमेकांच्या हद्दीत परत धाडली. आमच्या फाटकावर रोज येणारा एक होता, वाडगा आमच्याकडेच ठेवून जायचा. तो वाडगा नंतर कितीतरी दिवस मीटरच्या डब्याखाली पालथा होता.

त्यांना कुणी पालक मिळत नाही. संस्थेला पत्ता लागतो, शाळेचं नाव लागतं, दरवर्षी फोटो लागतो. ज्याला मुक्कामच नाही त्याची फाइल कशी उघडणार?

टपालपेटी

पंपहाऊस, मी या धंद्यात (हो, धंदाच म्हणते) अकरा वर्षं होते. मराठवाड्यात, एका परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थेत. नाव सांगणार नाही. माझं काम पत्रव्यवहाराचं.

लोकांना वाटतं की आपले पैसे त्या मुलाच्या हातात जातात. बहुतेक मोठ्या संस्थांत तसं नसतं. शंभर पालकांचा पैसा एका हौदात पडतो, त्यातून गावात विहीर, शाळेची खोली, लसीकरण वगैरे. मूल हे त्या हौदाचं तोंड. फोटो मुलाचा, काम गावाचं. यात फसवणूक नाही, जाहिरातीखाली बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. काही संस्था मात्र खरोखर त्या मुलावरच खर्च करतात. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: पैसा हौदात की हातात?

ही कल्पना जुनी आहे. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवीतल्या अनाथ मुलांसाठी 'पालक योजना' निघाली, तीच आजची 'प्लॅन' ही संस्था. कोरियाच्या युद्धाच्या काळात आणखी काही मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. दूरचं दुःख कुणाला समजत नाही, एक चेहरा समजतो. पैसे गोळा करायला याच्यासारखं दुसरं हत्यार नाही.

आता माझी बाजू. वर्षातून दोनदा पत्रं लिहून घ्यायची. पोरं ओळीने सतरंजीवर बसायची. फळ्यावर मी मजकूर लिहून द्यायचे, 'प्रिय पालक, मी बरी आहे. पाऊस चांगला झाला.' पाऊस झालेला नसायचा, पण तीन वर्षं दुष्काळ लिहिला की पालक गळतात, असं वरून सांगणं होतं. खाली चित्र. नव्वद चित्रांत नव्वद झोपड्या, मागे दोन डोंगर, मधून सूर्य. आमच्या गावात डोंगर एकही नव्हता.

एका मुलीला तिच्या पालकबाईंनी वाढदिवसाचे जास्तीचे पैसे पाठवले. नियमाप्रमाणे सायकल घेतली, सायकलीसह फोटो काढला. पाठची बहीण योजनेत नव्हती, एका घरातून एकच मूल घ्यायचं म्हणून. फोटो काढताना ती खांबाला धरून उभी होती. महिनाभराने गेले तर सायकलीची मागची चेन तोडलेली. आई म्हणाली, धाकटीने दगडाने ठेचली. मी अहवालात 'सायकल सुस्थितीत' लिहिलं.

आता दुसरी बाजू, कारण मी कडवट झाले असं नको वाटायला. २०१३ मध्ये अर्थशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात अभ्यास आला, सहा देशांतला, त्यात भारतही होता. दहा हजारांवर लोक. लहानपणी कम्पॅशन या संस्थेचं पालकत्व मिळालेल्यांची आणि न मिळालेल्यांची तुलना. मिळालेले सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकले, नोकऱ्याही बऱ्या लागल्या. म्हणजे उपयोग होतो. तीच संस्था परकीय निधीच्या नियमांत अडकून मार्च २०१७ मध्ये भारतातून बाहेर पडली, तेव्हा १ लाख ४७ हजार पोरांचं पालकत्व एका तारखेला संपलं. तुमचा डिसेंबर वाचला आणि मला तो मार्च आठवला. सुरू करणं सोपं असतं हो.

शेवगा

टपालपेटीताई, सायकलीचं वाचून हात थांबला.

निवांत_नाना

ताई, मी माझं पहिलं वाक्य मागे घेतो. पण मूळ प्रश्न राहतोच: सरकारी शाळा फुकट नाही का तिकडे?

पंपहाऊस

कागदावर आहे. २००४ च्या कायद्याने पहिली नऊ वर्षं फुकट आणि सक्तीची. फेवर त्या नऊ वर्षांतच आहे. पण जवळच्या सरकारी शाळेत बाकं कमी, पोरं उदंड, शिक्षक कधी येतात कधी नाही. शिवाय 'फी' नाही, पण पालकसभेची लेव्ही, परीक्षेची लेव्ही, झाडू आणि टॉयलेट रोल घरून आणायचे. म्हणून हातावर पोट असलेले लोकही गल्लीतल्या तीन खोल्यांच्या खाजगी शाळेत घालतात. तिथे निदान कुणीतरी शिकवतं. आणि हाकलतंही.

जुनी_पायवाट

फुकट शिक्षणावरून आठवलं. नायजेरियाच्या पश्चिम भागात तिथल्या सरकारचे प्रमुख ओबाफेमी आवोलोवो यांनी १९५५ च्या जानेवारीत मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. पैसा कोकोच्या पिकाचा. तेलाची पहिली निर्यात १९५८ ची! म्हणजे शेतीच्या पैशावर शाळा चालली, तेल आल्यावर फाटकं लागली.

याचं मराठी माणसाला नवल वाटू नये. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला तेव्हा त्यांच्याकडे कुठली तेलविहीर होती? आणि पालकत्व म्हणाल तर कर्मवीरांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. फोटो नाही, पत्र नाही. आपल्याकडे वार लावून जेवणारी मुलंही होतीच. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. अर्थात तेही जात बघून, हे विसरायला नको.

हर्मटन

वार लावण्यासारखी गोष्ट नायजेरियातही आहे, आणि तिचीच मला जास्त भीती वाटते. गावाकडची मुलगी शहरातल्या नातेवाइकाकडे पाठवायची. बोली अशी: घरकामाला मदत करेल, आम्ही तिला शिकवू. काही घरं शब्द पाळतात. बाकीच्या घरांत पोरगी पहाटे पाणी भरते, दुपारी डोक्यावर 'प्युअर वॉटर'च्या पिशव्या घेऊन सिग्नलला विकते, शाळा पुढच्या वर्षी. पालकत्व हा शब्द तिथल्या आयांनी आधी ऐकलेला असतो. पंपहाऊस, तुम्ही मामा फेवरना विचारलंत का, की इथेच विचारताय?

पंपहाऊस

खरं सांगू? नाही विचारलं. आधी इथे विचारलं. उद्या विचारतो.

हिशेबनीस

तोवर कोरडी माहिती. भारतातून परदेशी संस्थेला देणगी पाठवता येते, रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत, बँकेत अर्ज भरून. पण परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरातली ८०जीची वजावट नाही. दरमहा छोटी रक्कम पाठवलीत तर बँकेचं शुल्कच फीच्या बरोबरीला येईल. जे द्यायचं ते तिथे असतानाच, तिथल्या पगारातून द्या.

मोरपंखी

पंपहाऊसदादा, फेवरचा एक फोटो टाका ना. आम्ही पाच-सहा जणी मिळून काहीतरी गोळा करू.

पंपहाऊस

मोरपंखी, मनापासून आभार, पण फोटो नाही टाकणार. मोजे काढलेली मुलगी हजार अनोळखी लोकांनी पाहावी असं तिने मला सांगितलेलं नाही.

पंपहाऊस

चार दिवसांनी येतोय. बोलणं झालं. मी चहा करायला गेलो तर त्यांनी मला उठवून स्वतः केला, मग बसल्या. मी आपला मराठी मध्यमवर्गीय, आधी दहा मिनिटं हवापाण्यावर.

त्यांचं माहेर एलेमेकडचं, ओगोनी पट्ट्यातलं. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने तिथल्या विहिरी तपासल्या. ओगाले भागात पिण्याच्या पाण्यात बेंझीन, आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त. साफसफाईला २५-३० वर्षं लागतील असं तेव्हा म्हटलं होतं. मामा फेवर अहवालाबद्दल काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, आमच्या विहिरीच्या पाण्याला रॉकेलचा वास यायचा, आई कपडे धुतल्यावर ते चुलीपासून लांब वाळत घालायची. वडील मासे धरायचे. खाडी गेली, मग वडील शहरात रखवालदार झाले. याच लोकांसाठी बोलणारे केन सारो-विवा यांना १९९५ मध्ये याच शहरात फाशी दिली. त्या वेळी बाई शाळेत होत्या, दोन दिवस शाळा बंद होती एवढं त्यांना आठवतं.

मग मी मुद्द्यावर आलो. फेवरच्या शिक्षणाचं मी बघतो, म्हटलं. त्या गप्प. मग हसल्या आणि म्हणाल्या, "ओगा (म्हणजे साहेब), बाकी दोघं कुणाचे?" टपालपेटीताई, मला सायकलच दिसली समोर.

त्यांना पालक नको होता. त्यांना सुक्या माशांचं एक पोतं हवं होतं. क्रीक रोडच्या बाजारात धुरावर वाळवलेले मासे आणि कोळंबी ठोक मिळतात. भाव कधी चांगला, कधी पडलेला. पडलेला असताना भरून ठेवायला एकरकमी पैसे लागतात, ते कधीच हातात नसतात. पोतं असेल तर संध्याकाळी दारात बसून विकता येतं, आणि फी तीन मुलांची निघते, असं त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. मी फोनवर मोजलं. त्यांचा हिशेब बरोबर होता, मी वाहतुकीचे पैसे विसरलो होतो.

आणि दुसरं. त्या 'ओसुसु'त आहेत. बारा बायका, दर महिन्याला ठरावीक रक्कम, गोळा झालेलं एकीला. म्हणजे आपली भिशी! मी आनंदाने ओरडलोच. माझी आई जळगावात तीस वर्षं भिशी चालवते.

शेवगा

भिशी पोर्ट हारकोर्टला! काकूंना सांगितलंत का?

पंपहाऊस

सांगितलं. पहिला प्रश्न, "पळून जाणारी कोण आहे त्यांच्यात?" तोच प्रश्न मी मामा फेवरना विचारला. एक आहे, तिचा नंबर सगळ्यात शेवटी लावलाय.

तर ठरलं ते असं. तिघांची या सत्राची फी मी शाळेत जाऊन भरली, तेवढी एकदाच. माशांच्या पोत्याचे पैसे उसने, जूनपासून डिसेंबरपर्यंत थोडे थोडे परत. त्यांनीच वहीत लिहून सही केली, मला नको होती तरी. परत आलेले पैसे दर महिन्याला त्यांच्या ओसुसुत दुसरा वाटा म्हणून जातील. त्या वाट्याची पाळी सप्टेंबरात लावून घेतलीय, शाळेचं नवं वर्ष सुरू होताना.

टपालपेटी

चांगलं केलंत. बुडेलही कदाचित, मासे आहेत. एक विनंती, पोरीला आभाराचं पत्र लिहायला लावू नका.

पंपहाऊस

नाही लावणार. शाळेत बर्सरबाई (फी घेणाऱ्या) पावतीवर माझं नाव लिहायला लागल्या. स्पेलिंग विचारत होत्या, दोनदा सांगूनही जमेना. म्हटलं राहू द्या, आईचं लिहा. त्यांनी विचारलं, "मामा फेवर की खरं नाव?" आणि माझ्या लक्षात आलं की सहा वर्षांत मी ते विचारलंच नव्हतं. फोन करून विचारलं, मग पावती फाडली.